हंड्यातलं पाणी आणि विहिरीतलं पाणी

दामूकाका,

तुम्ही गेलात त्याला आज बावीस दिवस झाले आणि मी अजून तुमच्याशी भांडतेच आहे. कपडे वाळत घालताना भांडते, भाजी निवडताना भांडते. परवा शेजारच्या वहिनी विचारत होत्या, सकाळी सकाळी फोनवर एवढं कुणाला झापत होतात? माझ्या हातात फोन नव्हता, मेथीची जुडी होती.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. मला ते जमणार नाही. तुम्ही हट्टी होतात, आतल्या गाठीचे होतात, आणि शेवटी शेवटी तर माझ्याशी बोलायचंच बंद केलंत. आता मी विचारते त्याला उत्तर द्यायचं नाही म्हणून हे असं निघून जायचं? चाळिसेक घरं ज्या विहिरीचं पाणी पितात त्या विहिरीचा प्रश्न आपण दोघांनी अर्ध्यात सोडला होता. तो मी एकटीनं कसा पुरा केला, हे तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही. म्हणून ऐका. मध्ये बोलू नका.

मी घाटावरची, तासगावकडची. नवरा नोकरीला बोईसरला म्हणून मी इकडे आले आणि पालघरच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायला लागले. मासा मला पुस्तकात भेटलेला, चिरून, बाण काढून, नावं घालून. तुम्ही नवापूरच्या किनाऱ्यावरचे, बापाच्या होडीवर वाढलेले, आणि आमच्या प्रयोगशाळेत मदतनीस. पहिल्याच आठवड्यात मी मुलांना माशाचं वय खवल्यावरून कसं मोजतात ते शिकवत होते, आणि तुम्ही मागं उभं राहून हसत होतात. तास संपल्यावर विचारलं, तर म्हणालात, "नाय मॅडम, बरोबरच हाय. पन आमी डोल्यात बघतो." त्या दिवशी माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. पुढं कितीतरी गोष्टी मी तुमच्याकडून डोळ्यांत बघून शिकले, ते मात्र कधी बोलून दाखवलं नाही.

मग ते मासे आले. एका मोठ्या संस्थेनं परवानग्यांच्या जाडजूड फाईलसकट पाठवलेले, बोटाच्या पेराएवढे, अंगावर निळे पट्टे. मी तुम्हाला समजावून सांगितलं होतं. या माशांच्या पेशीत दुसऱ्या जिवाचा, जेलीफिशचा, एक तुकडा बसवलाय. पाण्यात जड धातू असला, पारा, कॅडमियम, जस्त, तांबं, यातलं काहीही, की यांच्या पिल्लांच्या अंगात हिरवा उजेड पेटतो. पिल्लं काचेसारखी आरपार, त्यामुळे निळा दिवा लावून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली की दिसतं. कुठला धातू ते मासा सांगत नाही. आहे एवढंच सांगतो.

आणि नियम काय, तर मासा त्या खोलीबाहेर जाता कामा नये. जिवंत नाही, मेलेलाही नाही. त्यांचं पाणीसुद्धा ब्लीच टाकल्याशिवाय मोरीत ओतायचं नाही. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "खायचा नाय, विकायचा नाय, सोडायचा नाय. मग मासा हाय का जावई?" तेव्हापासून ते जावईच झाले. जावई जेवले का, जावयांचं पाणी बदललं का, आज जावई रुसलेत. प्राचार्यांसमोर एकदा माझ्या तोंडून निघून गेलं की जावयांसाठी नवीन हीटर लागेल, आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं ते अजून आठवतं.

आपलं पहिलं भांडण याच नियमावरून. तुमच्या वाडीत विहिरीत मासा सोडायची रीत आहे, हे तुम्ही तेव्हा सांगितलंत. गोड्या पाण्यातला एक मासा विहिरीत सोडायचा, आणि तो पोट वर करून तरंगला की त्या विहिरीचं पाणी प्यायचं नाही. तुमचं म्हणणं, हे जावई एकदा आमच्या विहिरीत सोडा, दोन दिवसांत काय ते कळेल. मी म्हटलं, काका, तुरुंगात जाऊ आपण दोघं. तुम्ही म्हणालात, "आमचा मासा मरतो नि तुमचा चकाकतो, एवडाच फरक. मंग विहिरीत गेला तर काय बिगडलं?" मी तासभर जनुकांवर व्याख्यान दिलं. तुम्ही जाळीनं टाकीतली घाण काढत राहिलात. शेवटी एवढंच बोललात, "आमचा मासा मागल्या दिवाळीला मेला. दुसरा सोडला, तो पन मेला."

खरी गोष्ट ही होती, आणि ती तुम्ही वर्षभर पोटात ठेवली होती. विहिरीच्या पाण्यात डाळ शिजेना, भात पिवळा पडायला लागला, पाणी तोंडात धरलं की जीभ आखडते असं बायका म्हणायच्या. वाडीत येऊन सरकारी माणसं बाटल्या भरून न्यायची, पण तपासणीचा कागद काही परत यायचा नाही. कुणी म्हणायचं नाल्याचं पाणी मुरतंय, कुणी म्हणायचं खाडीचं खारं आत शिरलंय. टँकर मागायचा तर काहीतरी हातात पाहिजे. तुम्ही माझ्या टेबलाशी आलात, उगाच डस्टर झटकलंत, आणि म्हणालात, "मॅडम, आमच्या विहिरीचं पानी जावयांना दाखवाल?"

मी तुम्हाला दोन बाटल्या दिल्या. आम्लानं धुतलेल्या, प्लास्टिकच्या, पांढऱ्या. कशा भरायच्या ते मी सांगितलं नाही. तुम्हाला काय सांगायचं? त्या बाटल्या आम्लानं धुतल्या होत्या तुम्हीच.

सोमवारी तुम्ही त्या भरून आणल्यात. बशीत वीस पिल्लं सोडली, सुईच्या टोकाएवढी. शेजारच्या बशीत चांगल्या पाण्यातली वीस. बुधवारी निळा दिवा लावला आणि मी ओरडलेच. वीसच्या वीस पेटली होती, हिरवीगार. शेजारची वीस काळीठार. तुम्ही भिंगाला डोळा लावलात आणि बराच वेळ काढलाच नाहीत. मग चष्मा पुसत म्हणालात, "आमच्या घरातली पोरं हेच पितात."

इथं चूक माझी. प्रयोग एकदा करून कुणी बोंब मारत नाही. तीनदा करायचा, नव्या बाटल्यांनी करायचा, हे मी पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवते. पण उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. मी त्याच आठवड्यात तुमच्या वाडीत आले, समाजमंदिरात उभी राहिले आणि सांगितलं, मासे उजळले, पाण्यात धातू आहे, पिऊ नका. बायका रडायला लागल्या. चार दिवसांत टँकर सुरू झाला, विहिरीवर दोर बांधून पाटी लावली. तुमची छाती अशी फुगली होती! तुमचे चुलतभाऊ मोरेश्वर, जे तुम्हाला आयुष्यभर बाटल्या धुणारा म्हणून चिडवायचे, त्यांनी त्या दिवशी तुम्हाला बसायला खुर्ची दिली.

मग तुम्ही मला जेवायला बोलावलंत. हिराकाकींनी तांदळाची भाकरी केली होती आणि ओल्या बोंबलाचं कालवण. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. पाण्यासाठी हात लांब केला तर कोपऱ्यात तांब्याचा हंडा, सोन्यासारखा चकचकीत. बाजूच्या दगडावर चिंचेचा कोळ अजून ओला. मी सहज म्हटलं, "काकी, काय घासलाय हो हंडा! रोज घासता?" काकी खूष झाल्या. म्हणाल्या, "रोज नाय बाय. पन तुज्या माशांसाठी पानी द्यायचं होतं ना, तवा तर..."

आणि तुम्ही मध्येच बोललात. "मी भरलं. बाटल्या मी भरल्या, हंड्यातनं."

मला क्षणभर कळेचना. मग कळलं. चिंच लावून घासलेला तांब्याचा हंडा. रात्रभर त्यात ठेवलेलं पाणी. तांबं! माझे मासे तांब्याला उजळतात, हे मीच तुम्हाला शिकवलं होतं.

ओसरीवर मोरेश्वर होते, आणखी दोन-तीन माणसं होती. मी थांबले नाही. म्हटलं, "काका, इतकी वर्षं प्रयोगशाळेत काढलीत, डोक्यात काही शिरलं का? नुसती भांडीच धुतलीत?" हे मी तुमच्या घरात, तुमचं मीठ खाताना, तुमच्या माणसांसमोर बोलले. तुम्ही मान खाली घातलीत आणि म्हणालात, "चुकलं माजं." काकी आत गेल्या त्या मी निघेपर्यंत बाहेर आल्या नाहीत.

मी तो हंडा मागून आणला. तुम्हालाच चिंच लावून घासायला लावला, शुद्ध पाणी भरलं, रात्रभर ठेवलं, सकाळी पिल्लं सोडली. वीसच्या वीस पेटली. आधीसारखीच. म्हणजे आपला निकाल कवडीमोलाचा होता. विहिरीत काही असेल, नसेल, आपल्याला काही म्हणजे काही माहीत नव्हतं.

त्यानंतरचं भांडण मी रोज नव्यानं भांडते. तुम्ही खोलीचं दार लावून घेतलंत आणि म्हणालात, "हंड्यामुले चकाकलं असंल. पन पानी खराब हाय."

"ते मला माहीत नाही."

"मला माहीत हाय."

"तुम्हाला माहीत असणं म्हणजे पुरावा नव्हे, काका."

"मंग दुसऱ्या बाटल्या भरू. पंधरा दिवस लागतील. तवर गप ऱ्हा. टँकर चालू हाय तो चालू ऱ्हाऊ दे. कुनाचं काय जातं?"

मी म्हटलं, एकदा खोटं लपवलं की पुढचं खरंसुद्धा कुणी मानत नाही. उद्या हे दुसऱ्या कुणाला कळलं तर पुन्हा तुमच्या वाडीचं कोण ऐकेल? तुम्ही म्हणालात, "तुमचं नाव जाईल म्हना की." ते मला लागलं. लागलं, कारण अर्धं खरं होतं. मी तणतणत म्हटलं, "मासा खोटं बोलत नाही. आपण बोललो." तुम्ही दार उघडलंत आणि बाहेर जाऊन उभे राहिलात.

दोन दिवसांनी मी परत समाजमंदिरात उभी राहिले आणि सगळं सांगितलं. हंडा, चिंच, तांबं. पुन्हा तपासणी करू, असंही सांगितलं, पण ते कोण ऐकतंय? मोरेश्वर उठून म्हणाले, "म्हंजे दामू टँकरसाठी फेकत होता!" लोक हसले. मी तोंड उघडून म्हणायला हवं होतं की नाही, घाई माझी होती, बोंब मी मारली. पण मी कागद गोळा करत बसले. तुम्ही मागच्या दाराशी उभे होतात. नंतर बघितलं तर नव्हतात.

टँकर बंद झाला तेव्हा मी तिथंच होते. ड्रायव्हर म्हणाला, "मैडम, आज आखरी चक्कर है. रिपोर्ट गलत निकला, ऐसा बोला है." दुसऱ्या दिवशी विहिरीवरचा दोर सुटला. पाटी कुणीतरी चुलीत घातली असं ऐकलं. बायका परत रहाटाला लागल्या.

तुम्ही रजा टाकलीत. आणि जावयांनी अंडी द्यायचं बंद केलं.

हे मासे पहाटेचा उजेड झाला की अंडी देतात. तुम्ही दिवा लावायचात, आणि चहा होईपर्यंत तळाला अंडीच अंडी. माझ्या हाताला एक नाही. मी दिव्याच्या वेळा बदलल्या, खाणं बदललं, नर-मादी वेगळे करून परत एकत्र केले. थंडीचे दिवस, म्हणून थर्मामीटर चार-चारदा बघितला. अठ्ठावीस. हवं तेवढंच. अंडी नाहीत म्हणजे पिल्लं नाहीत, पिल्लं नाहीत म्हणजे तपासणी नाही. धातू मोजणाऱ्या बाहेरच्या यंत्राकडे पाणी पाठवायचं तर पत्र, सही, मग रांग. एक आठवडा गेला, दुसरा गेला. तिकडं वाडी तेच पाणी पीत होती, आणि ते चांगलं की वाईट हे जगात कुणालाच माहीत नव्हतं. तुम्ही सोडून.

मग तुम्ही रजा वाढवायचा अर्ज द्यायला आलात. अर्ज माझ्या टेबलावर ठेवलात. टाकीशी गेलात, बाही सारून हात पाण्यात घातलात. माझ्याकडे न बघता म्हणालात, "पानी गार हाय, मॅडम."

मी म्हटलं, "अठ्ठावीस आहे."

तुम्ही हात शर्टाला पुसलात आणि गेलात.

बास. आपलं शेवटचं बोलणं हे. इतक्या वर्षांच्या गप्पा, टिंगल, भांडणं, आणि शेवटचं काय, तर पाण्याचं तापमान. पाच दिवसांनी सकाळी मोरेश्वरांचा फोन आला. बसल्या जागी छातीत कळ आली, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. विहिरीच्या पाण्यानं गेलात असं वाडीत कुणी कुणी म्हणतं. मी म्हणत नाही. मला माहीत नाही, आणि जे माहीत नाही ते मी बोलणार नाही. बघा, अजून पीळ गेलेला नाही माझा.

तुम्हाला पोचवून आले आणि दुसऱ्या दिवशी थेट जावयांच्या खोलीत गेले. का कोण जाणे, बाही वर केली आणि हात पाण्यात घातला. गार होतं हो काका! चांगलंच गार होतं. थर्मामीटर अठ्ठावीसच दाखवत होता. दुसरा थर्मामीटर आणून लावला, तो तेविसावर थांबला. पहिला बिघडला होता, कधीचा बिघडला होता देव जाणे. तुमच्या हाताला जे एका क्षणात कळलं ते मी दोन आठवडे काचेच्या नळीत बघत होते. मी तिथं स्टुलावर बसून रडले. तुम्ही गेलात म्हणून कमी आणि मी उलटून "थांबा काका, बघू या" म्हटलं नाही म्हणून जास्त. त्याच दिवशी म्हटलं असतं, तर तीन दिवसांत अंडी आली असती, आणि निकाल तुम्ही स्वतः भिंगातून बघितला असता.

हीटरही मंदावला होता, तो बदलला. चौथ्या दिवशी तळाला अंडी होती.

तुमच्या बाराव्याला मी नव्या बाटल्या घेऊन आले. लाज वाटत होती, पण आले. काकी चुलीपाशी बसल्या होत्या. मी म्हटलं, काकी, मला विहिरीचं पाणी परत घ्यायचंय. त्यांनी माझ्याकडे एवढा वेळ बघितलं की मला वाटलं, आता हाकलून देणार.

म्हणाल्या, "हंडा मी भरला होता."

मी म्हटलं, "काय?"

"त्यांनी बाटल्या माज्याकडे दिल्या नि होडीवर गेले. म्हनाले, विहिरीवर जाऊन भर. मला वाटलं, मॅडमच्या माशांना द्यायचं, कालेजात जानार, तर चांगल्या भांड्यातनं द्यावं. चिंच लावून घासला. सोवल्यातल्या पंचानं गालून भरलं. तू इचारलंस तवा त्यांना पैल्यांदा कललं. मी तोंड उघडलं नि त्यांनी मला गप केलं. वाडीत माजं नाव व्हईल म्हनून." डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, "तू त्यांना एवडं बोललीस. मी आत बसून ऐकत होते."

काका, तुम्ही आम्लानं धुतलेल्या बाटल्या हंड्यातून भरणारे नव्हतात, हे मला कळायला नको होतं? मुलांनी तोटीखाली बोट लावलं तरी तुम्ही बाटली परत धुवायचात. इतक्या वर्षांची ओळख, आणि मी एका वाक्यावर विश्वास ठेवला. तुमचा राग येतो तो याचाच. मला एकटीला तरी कानात सांगायचं होतंत. मी बाहेर हंडा म्हटलं असतं, हात कुणाचा ते म्हटलं नसतं. पण सांगणार कसं? मी तुम्हाला सांगण्याजोगी राहिलेच नव्हते.

काकी उठल्या, म्हणाल्या, "चल." विहिरीवर मी सांगत गेले आणि त्या करत गेल्या. बाटली काठीला बांधून थेट पाण्यात सोडली, तीनदा विसळली, चौथ्यांदा भरली. हंडा नाही, पोहरा नाही, पंचा नाही. अशा तीन बाटल्या. एक थेंब वाया घालवला नाही त्यांनी.

या वेळी मी कुणाला काही बोलले नाही. तीन बाटल्या, तीन बशा, प्रत्येकीत वीस पिल्लं, आणि चांगल्या पाण्याची चौथी बशी. दोन दिवसांनी निळा दिवा लावायच्या आधी मी काकींना बोलावून घेतलं. त्या पालघरला आल्या, चपला बाहेर काढून खोलीत शिरल्या, तुमच्या खुंटीवरचा तुमचा निळा डगला बघून थबकल्या. मग मी दिवा लावला.

उजळली, काका. हंड्याच्या पाण्याइतकी नाही, पण सगळी. तिन्ही बशांतली सगळी. चौथी बशी काळी.

काकींनी भिंगाला डोळा लावला.  मग म्हणाल्या, "दुखतं का गं त्यांना?" मी म्हटलं, माहीत नाही काकी. त्या म्हणाल्या, "म्हंजे आमचे हे खोटं नव्हते बोलत."

"नाही. पाण्याबद्दल नाही."

मी अजून दोनदा करून बघितलं. प्रत्येकदा तेच. मग परवा वाडीत निरोप धाडला.

काल सभा झाली. मी रस्ताभर वाक्यं जुळवत होते. हंड्याचं परत काढायचं की नाही, काढलं तर काकींचं नाव कसं टाळायचं. तुमचाच सल्ला आठवत होता, गप ऱ्हा. समाजमंदिर भरलं होतं. मोरेश्वर पुढं बसले होते, म्हणाले, "आता काय नवीन? या वेळेला कुठल्या भांड्यात चकाकलं?" माणसं हसली. मी उठणार, तेवढ्यात बायकांमधून काकी उठल्या. पांढऱ्या कपाळानं, आयुष्यात पहिल्यांदा सभेत.

म्हणाल्या, "हंडा माजा होता. मी घासला, मी भरला. दामूनं माज्यासाठी बोलनी खाल्ली. या वेळेला मी बाटली विहिरीत बुडवली नि माज्या डोल्यानं बघितलं. पानी खराब हाय." आणि खाली बसल्या. नवऱ्याचं नाव त्यांच्या तोंडी मी पहिल्यांदा ऐकलं.

कुणी हसलं नाही. मोरेश्वर आपल्या पायांकडे बघत राहिले.

मग मी उठले. कागद बाजूला ठेवला आणि आधी तुमची माफी मागितली. सगळ्यांच्या समोर बोलले होते, म्हणून सगळ्यांच्या समोर मागितली. म्हटलं, पहिल्या वेळी घाई माझी होती, दामूकाकांची नव्हे. त्यांना मी जे बोलले ते बोलायला नको होतं. त्यांनी पाणी खराब आहे म्हटलं होतं आणि ते खरं होतं. मी खरं सांगायला आले आणि अर्धंच सांगून गेले. मग निकाल वाचला. कुठला धातू, किती, ते यंत्र सांगेल, नमुना गेलाय. कुठून येतो ते आज मला सांगता येत नाही. पण आजपासून हे पाणी पिऊ नका.

मला वाटलं होतं, लोक चिडतील, मला धरतील. विचारतील की मागल्या वेळी पाणी चांगलं म्हणून टँकर कुणी घालवला. मी काही चांगलं म्हटलं नव्हतं, माहीत नाही म्हटलं होतं, पण तहानलेल्या माणसाला त्यातला फरक काय कामाचा? हे तुम्ही मला त्या बंद खोलीत सांगत होतात, काका, आणि मी पुरावा पुरावा करत बसले होते. आजही मी ते लपवलं नसतं. पण दुसऱ्या बाटल्या भरून होईतो तरी टँकर चालू ठेवा, म्हणून त्याच सभेत पाय रोवून उभी राहिले असते. कागद गोळा केले नसते.

कुणी विचारलं नाही. सभा संपायची वाट न बघता बायका उठल्या आणि भराभरा घराकडे निघाल्या, भरून ठेवलेलं पाणी ओतायला. काकी सगळ्यांच्या पुढं होत्या. मी दाराशी उभी राहून घराघरातून अंगणात पाणी पडताना ऐकत होते. इतक्या दिवसांचं पोटात गेलेलं मात्र कुणालाच ओतता येणार नव्हतं, आणि ते माझ्यामुळे गेलं होतं.